मकरंदचं पोलादी पिस्तूल

मकरंद, वाद अर्धवट टाकून उठायची तुझी सवय नव्हती. नेमबाजीच्या क्लबच्या कॅन्टीनमध्ये म्हातारा हेंक खुर्च्या उलट्या करून टेबलांवर चढवायला लागला, तरी तू आपला कॉफीचा रिकामा कप धरून बसलेला. "आधी मान्य कर वैजू, मग निघू." मी काही मान्य करायचे नाही. मग गाडीच्या दाराशी उभं राहून तोच विषय पुन्हा पहिल्यापासून. घरी सुलभा जेवायची थांबलेली असायची, तिचा फोन आला की तू तिलाही सांगायचास, "ही ऐकतच नाहीये गं."

या वेळी मात्र उठलास तो उठलासच. हॉस्पिटलमधून तुझा शेवटचा मेसेज आला तेव्हा तुला सलग बोलता येत नव्हतं, म्हणून टाइप केला होतास. 'धातू म्हातारा होतो. प्लास्टिक नुसतं जुनं होतं.' विचारपूस नाही, तब्येतीचं नाही, थेट मुद्द्यावर. मी उत्तर लिहायला घेतलं की पॉलिमरही म्हातारं होतं, उन्हाने ठिसूळ होतं, वजनाखाली हळूहळू वाकतं, आणि ते मोजण्याचाच मला पगार मिळतो. मग वाटलं, ऑक्सिजनवरच्या माणसाशी काय भांडायचं. घरी आला की बघू. ते उत्तर अजून फोनमध्ये तसंच पडलंय. पाठवावं तर कुणाला, आणि पुसावं तर हात होत नाही.

खरं सांगायचं तर मी दमलेय रे. या साथीत माणसं गेली ती सगळी स्क्रीनवरूनच गेली, आणि स्क्रीन बंद करून लगेच दुसऱ्या मीटिंगला बसायचं. तुझ्यासाठीही तेच केलं. आता निदान बसून चार ओळी लिहाव्यात म्हणून बसलेय, तर सुचतंय ते सगळं पिस्तुलांबद्दलच. तुला आवडेल. सुलभाला काय वाटेल कोण जाणे.

आइंटहोव्हनच्या मराठी मंडळींत आपण दोघं थोडे वाया गेलेलेच समजले जायचो. लोक सायकली चालवतात, पोरांना हॉकीला नेतात, दिवाळी अंक मागवतात, आणि हे दोघं इंजिनिअर दर आठवड्याला कागदाला भोकं पाडायला जातात. "म्हणजे खरं पिस्तूल?" गणपतीत कुणीतरी विचारायचंच, आणि मोदकाची ताटली घेऊन दोन पावलं मागे सरकायचं. मग तू शांतपणे समजावायचास की इथे हा खेळ आहे, आधी वर्षभर क्लबात घासावं लागतं, परवाना पोलीस देतात, घरी येऊन तिजोरी तपासतात, आणि आपल्यापेक्षा सुरक्षित माणूस या हॉलमध्ये नाही. मी मागे उभी राहून म्हणायचे, "आणि याचं पिस्तूल तर चालवायचं नसतंच, वाटण वाटायचं असतं."

वरवंटा. हे नाव मीच ठेवलं होतं. माझ्या पिस्तुलाला तू डबा म्हणायचास.

वरवंटा हेंकचा होता. त्याच्या बोटांना संधिवात झाला, वजन पेलेना, तेव्हा क्लबातल्या इतक्या लोकांतून त्याने तुला निवडलं. कारणही त्यानेच मला सांगितलं. बाकीच्यांनी हातात घेऊन नेम धरून पाहिला. तू नेम धरलाच नाहीस. वरची सरकती स्लाइड काढलीस आणि खालच्या पोलादी फ्रेमच्या खाचांतून बोट फिरवत बसलास. अखंड ठोकळ्यातून कोरून काढलेली ती फ्रेम, तिची निळसर काळी झाक कडांवरून उडून खालचं पोलाद दिसायला लागलेलं, अक्रोडाच्या मुठीवर हेंकच्या अंगठ्याने वर्षानुवर्षं बसून खळगा पडलेला. तुझा अंगठा त्या खळग्यात बरोबर बसला, याचं तुला केवढं अप्रूप.

माझं नवं, हलकं, खाली पॉलिमरची फ्रेम आणि वर पोलादी स्लाइड. गंजत नाही, घामाने खराब होत नाही, थंडीत हाताला झोंबत नाही. ती रेंज हिवाळ्यात कशी गारठायची आठवतं ना. तू आधी ते पोलाद दोन्ही तळव्यांत धरून बसायचास, गरम होईपर्यंत. तोवर माझा एक कागद संपलेला असायचा.

"साच्यातून निघालेल्या वस्तूला घडवलेली म्हणत नाहीत वैजू. ओतलेली म्हणतात."

"इडलीपण साच्यातूनच निघते."

"इडलीबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण इडलीवर नेम लागत नाही."

नेम लागायचा माझा, हे तू सोयीने विसरायचास. पण एक मला तेव्हाही ठाऊक होतं. जड पिस्तूल गोळी सुटल्यावर कमी उसळतं, लवकर परत जागेवर येतं, आणि तुझे कागद बघितले की भोकं एका मुठीत मावतील अशी जवळजवळ असायची. हे मी आकडेवारीने खोडून काढायला बघायचे. तू म्हणायचास, आकडे सोड, हातात घेतल्यावर काय वाटतं ते सांग. माझा राग त्यावरच. वाटतं काय, हा इंजिनिअरचा प्रश्न आहे का? तुझं म्हणणं, धातूच्या वस्तूत करणाऱ्याचे आणि वापरणाऱ्याचे हात राहतात, कुठे घासलं, कुठे पडलं, कुणी कसं धरलं, सगळं. माझ्या डब्यात काही राहत नाही. मी म्हणायचे, न राहणं हाच तर त्याचा गुण.

आता जे सांगणार आहे ते तुला कधी सांगितलं नाही. तू विचारलंही नव्हतंस.

बाबा पुण्यात गेले तेव्हा विमानं बंद होती. फोनवर त्यांचा चेहरा पाहिला, तो फोनही दादाच्या हातात हलत होता. तेरावंही फोनवरच. त्यानंतर माझ्या हातांना कंप सुटला. चहाचा कप धरला तर बशी वाजायची. हाउसआर्ट्स, म्हणजे माझी नेहमीची डॉक्टर, फोनवर म्हणाली, हे दुःख आहे, वेळ द्या. उन्हाळ्यात क्लब उघडला तेव्हा मी आले खरी, पण पेटीसुद्धा उघडली नाही. म्हटलं, असल्या हातांनी नको. तू वरवंटा काढलास, रिकामा करून मला दाखवलास, हेंकला दाखवलास, आणि माझ्या हातात दिलास.

"आज गोळी नाही. नुसतं धर."

मी धरलं. हात समोर, नेम कशावरच नाही. आधी तेही थरथरलं. मग वजन खांद्यात उतरलं, पाठीत उतरलं, आणि कुठेतरी माझे हात थांबले. कित्येक आठवड्यांनी थांबले. तू शेजारी उभा राहून समोरच्या भिंतीकडे बघत होतास. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तर तू म्हणालास, "कोपर वाकवू नकोस," बस्, एवढंच. पुढच्या आठवड्यात मी आले आणि आल्या आल्या म्हटलं, "काय, आणलास का वरवंटा?" तुला बरं वाटलं, मी पाहिलं. तुझ्या त्या न बोलण्याचे उपकार मी अजून वागवतेय.

आणि मग ती खंडेनवमी. कॅन्टीन बंद झालेलं, रेंजवर मोजकीच माणसं, तीही आधी नाव नोंदवून. तू हेगच्या सुरिनामी भारतीयांच्या दुकानातून झेंडू आणला होतास आणि स्टीलच्या वाटीत हळदकुंकू. पिस्तुलं साफ करायच्या टेबलावर तू तुझा खिशातला स्वच्छ रुमाल अंथरलास. हेंकने दोन्ही पिस्तुलं हातात घेऊन, चेंबरमध्ये गोळी नसल्याची खात्री करून, स्लाइड मागे अडकवून ठेवली. पूजेआधी चेंबर तपासणारा यजमान मी पहिल्यांदाच पाहिला.

तू गंध कालवलंस आणि वरवंट्याच्या फ्रेमवर ऐटीत बोट लावलंस. माझ्या डब्याला स्लाइडवर लावायला निघालास. मी म्हटलं, "स्लाइडवर नाही. फ्रेमवर लाव. भेदभाव नको."

"प्लास्टिकला कुंकू?"

"लाव म्हणते ना."

लावलंस. हेंक मास्क सारखा करत विचारत होता की हे काय चाललंय. तू म्हणालास, आज अवजारांचा वाढदिवस. झालं. इथे वाढदिवसाला घरातल्या सगळ्यांचंच अभिनंदन करतात, आईबापांपासून शेजाऱ्यांपर्यंत, त्यामुळे हेंकपुढे दुसरा मार्गच नव्हता. तो टेबलासमोर नीट उभा राहिला आणि "गेफेलिसिटेर्ट" म्हणून त्याने आधी आपल्या जुन्या पिस्तुलाचं अभिनंदन केलं, मग माझ्या डब्याचं, मग तुला आणि मला कोपर लावून आपलं. त्याच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता.

मी फडकं पुढे केलं, तर तू नको म्हणालास. पूजलेल्या अवजाराला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही. तुझ्या आईचा नियम, तिने तिच्या शिवणयंत्रासाठी केलेला. तिचं यंत्र त्या दिवशी झाकून ठेवलेलं असायचं आणि कुणी ब्लाउज मागायला आलं तर परत जायचं.

"मकरंद, ओलं गंध आहे. पोलाद आहे. गंज चढेल. धातूवाला तू, आणि हे मी सांगायचं?"

"उद्या पुसतो की."

रुमालात गुंडाळून तू ते पेटीत ठेवलंस, घरी नेऊन तिजोरीत ठेवलंस. दुसऱ्या दिवशी तुला ताप आला.

पुढचं सगळं सुलभाच्या फोनांतून. हाउसआर्ट्स म्हणतेय घरीच थांबा. मग ॲम्ब्युलन्स आली, तिला आत बसू दिलं नाही. मग टॅबलेट धरून उभी राहणारी एक नर्स, जिचे फक्त डोळे दिसायचे आणि जिचं नाव सुलभाला कधी नीट कळलं नाही. तुझ्या अंत्यविधीला मी येऊ शकले नाही, मला खोकला होता आणि खोकणारा माणूस कुणालाच कुठेच नको होता. लॅपटॉपवर पाहिलं. मध्येच चित्र गोठलं, तुझ्या फोटोवर, तो तू लायडनच्या कालव्यापाशी काढलेला, डोळे किलकिले केलेला. चित्र पुन्हा हललं तेव्हा माणसं उठून चालली होती. मी लॅपटॉप मिटला आणि उठून भांडी घासली.

मग सुलभाचा फोन आला. "वैजू, पोलिसांना कळवावं लागतं ना, तसं कळवलंय. उद्या ते पिस्तूल न्यायला येणार आहेत. तू ये. मला त्यातलं काही समजत नाही."

घरात दिवसाला एकच पाहुणा चालतो, त्या दिवसाचा पाहुणा मी. पोलिसांना त्यात धरत नाहीत म्हणे. सायकलवरून तुझ्या घरी येताना मी वाक्य जुळवत होते. कारण मकरंद, मला ते हवं होतं. आयुष्यात कुठल्या वस्तूचा एवढा लोभ सुटला नसेल मला. कुणी परवाना असलेला माणूस घ्यायला तयार नसेल तर ते पिस्तूल वितळवतात, हे मला माहीत होतं. भट्टीत जाईल, हेंकच्या अंगठ्याच्या खळग्यासकट. पण नवरा जाऊन महिनाही न झालेल्या बाईकडे त्याची वस्तू मागायची कशी? आणि कुठल्या तोंडाने? सगळ्या गावाला मी त्याचं नाव वरवंटा सांगितलेलं. म्हटलं, सुलभाच देईल. ती समजूतदार आहे. ती म्हणेल, वैजू, तूच घे गं, आणि मी जरा आढेवेढे घेऊन हो म्हणेन.

पोलीस तरुण होता, उंच, हातमोजे घातलेला. दारातच "गेकोंडोलेर्ट" म्हणून त्याने सांत्वन केलं, हात पुढे करायला निघाला आणि आठवण होऊन मागे घेतला. तिजोरीची किल्ली कुठे आहे ते तू हॉस्पिटलमधून सुलभाला सांगितलं होतंस. त्याने तिजोरी उघडली, पेटी जेवणाच्या टेबलावर आणली, रुमाल सोडला, पिस्तूल रिकामं आहे ते पाहिलं. मग थांबला. फ्रेमवर तांबूस, सुकलेला डाग होता. त्याने आधी सुलभाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मॅडम, हे रक्त आहे का?"

"नाही," सुलभा म्हणाली, "कुंकू." आणि त्याला ते कसं सांगायचं ते न सुचून माझ्याकडे बघायला लागली. मी सांगितलं, सण असतो, आम्ही अवजारांची पूजा करतो. त्याने कापडाने पुसून पाहिलं. कुंकू गेलं. खाली गंज होता, तुझ्या बोटाच्या पेराएवढा, पोलादात खोल बसलेला, आणि त्याचा आकारही तुझ्या बोटाचाच. मी म्हटलं होतं तसंच झालं होतं. माझ्या फ्रेमवरचं गंध मात्र त्याच आठवड्यात सुकून पेटीत गळून गेलं होतं, मी ब्रशने झटकलं होतं. मला तुझं सगळं म्हणणं एकदम कळलं, आणि माझी इतकी चिडचिड झाली, की हे एवढं साधं तुला मला आधी नीट सांगता आलं नाही.

त्याने कागद काढले. अगदी हळू बोलत होता, सुलभाला डच समजावं म्हणून. हक्क सोडला तर पिस्तूल नष्ट करण्यासाठी जाईल. परवाना असलेलं कुणी घेणार असेल तर तोवर ते पोलिसांकडे राहील. काय करायचं?

तुझी लेक ईशा जिन्यात बसली होती, गुडघ्यांवर हनुवटी ठेवून. "जस्ट लेट देम टेक इट, आई," ती म्हणाली.

सुलभा माझ्याकडे बघतच नव्हती. मी वाट पाहिली. ती म्हणाली, "मला काय उपयोग त्याचा," आणि पेन उचललं. मी अजून वाट पाहिली. तिने कागद जवळ ओढला, चष्मा लावला, सही कुठे करायची ते त्याला विचारलं. त्याने बोटाने दाखवलं.

"सुलभा, थांब," मी म्हटलं. "मला हवंय ते."

तिने मान वर केली नाही. "कशाला? तू तर त्याला वरवंटा म्हणतेस."

"म्हणते."

"मग? तुझं आहे की तुझं. तेच चांगलं म्हणायचीस ना? हलकं, गंजत नाही."

इतकी वर्षं मी तिच्या तोंडून पिस्तुलाबद्दल एक वाक्य ऐकलं नव्हतं, आणि आज उलटतपासणी. मला रडू यायला लागलं, रागही आला. मी सांगितलं. बाबा गेले तेव्हा माझे हात थरथरायचे, मकरंदने हे नुसतं धरायला दिलं आणि ते थांबले, माझ्या डब्याने थांबले नसते. जड आहे म्हणून थांबले. जुनं आहे, माणसांनी धरलेलं आहे म्हणून थांबले. मकरंदचं बरोबर होतं, मला पहिल्यापासून माहीत होतं, आणि मला हे पिस्तूल हवंय, गंजासकट हवंय. सगळं मराठीत बोलले. पोलीस बिचारा कागद धरून उभा.

सुलभाने पेन खाली ठेवलं. चष्मा काढला.

"त्याने सांगून ठेवलं होतं," ती म्हणाली. "शेवटच्या कॉलला. धाप लागत होती, तरी सांगत होता. म्हणाला, पिस्तूल वैजूला द्यायचं, पण आपणहून देऊ नकोस. तिला मागू दे. शेवटपर्यंत मागणार नाही ती, तू सही करायला बसलीस की मागेल. आणि मागितलं ना, की माझ्या वतीने एकदा हस."

मग ती हसली. घरात कितीतरी दिवसांत तो आवाज झाला नसावा, कारण ईशा जिन्यातून उठून उभी राहिली. सुरुवातीला ते धड हसण्यासारखं नव्हतंच, ओढून आणलेलं होतं, सांगितलंय म्हणून केलेलं. मध्येच तिला हुंदका आला. तिने मास्कवरून तोंड घट्ट दाबून धरलं, हुंदका जाऊ दिला, आणि हात खाली घेऊन, माझ्याकडे बघत, तुझ्या वाटणीचं सगळं हसून घेतलं.